शाफ्टमध्ये रेंज नसते

खातं उघडताना फोनने विचारलं,
जोखीम किती झेपेल? कमी, मध्यम, जास्त.
मी प्रभादेवीत, चोविसाव्या मजल्याच्या उंचीवर,
लिफ्टच्या टपावर उभा,
कमरेला पट्टा, बोटांना ग्रीस.
करंगळीने दाबलं : मध्यम.

वारस म्हणून आईचं नाव घातलं,
मग तिचं वय आठवून खोडलं,
पुतणीचं घातलं. शर्वाणी, वय वर्षं चार.
अज्ञान आहे म्हणून पालकाचं नाव मागितलं.
पुन्हा आईच.

सतरा वर्षं लोकांना वरखाली नेल्यावर
यंदा पहिल्यांदा महिनाअखेरीस दोन हजार उरू लागले.
बाविसाव्या मजल्यावरचे पारेख
दार अडकलं की माझ्याशी बोलतात.
"गुरव, सोमवारी उघडताच घे, शुक्रवारी सोड. कुणाला सांगू नको."
मी मान हलवली.
कुणीतरी सांगितलं म्हणून लावलेल्या दोराखाली
आम्ही उभे राहत नाही.

निम्मे पैसे फंडात टाकले,
पन्नास कंपन्या एकदम.
पोलादी दोराला असाच पीळ असतो,
एक तार तुटली तर बाकीच्या धरतात.
हे मला कुणी समजवावं लागलं नाही.

उरलेल्यात एकच कंपनी घेतली,
जिची बेअरिंगं मी बदलतो,
म्हणजे फारशी बदलावी लागत नाहीत.
तिचा अहवाल छापून आणला, एकशे ऐंशी पानं.
विक्रोळीचा झेरॉक्सवाला म्हणाला, परीक्षा आहे का?
रात्री आई झोपल्यावर
फक्त कर्ज कुठे लिहिलंय ते शोधत बसलो.
एकशे बाराव्या पानावर सापडलं. थोडं होतं.
बरं वाटलं, जणू माझंच फिटलंय.

मग मार्चातला तो मंगळवार.
बफर बदलायला खड्ड्यात उतरताना
सवयीने फोन बघितला.
सगळं लाल. अकरा टक्के गेले होते.
अकरा टक्के म्हणजे किती, ते मी रुपयांत नाही,
आईच्या गोळ्यांच्या पाकिटांत मोजलं,
आणि 'विका' दाबलं.

गोल फिरत राहिला.
फिरत राहिला.
शाफ्टमध्ये रेंज नसते, हे मीच सगळ्यांना सांगतो.

वरून फैजान ओरडला, एकोणीसचा पाना!
दिला.
मान वर केली तर
काउंटरवेटचा ठोकळा अंधारात लोंबत होता.
केबिन खाली येते तेव्हा तो वर जातो,
आत बसलेल्यांना कधी दिसत नाही.
मी त्याच्याकडे बघून शहाणा झालो असं काही नाही.
बफरचे बोल्ट गंजले होते, त्यातच चाळीस मिनिटं गेली.

लॉबीत आल्यावर फोनने विचारलं,
पुन्हा प्रयत्न करायचा?
अंगठा पुसला, तरी काचेवर डाग उठला.
त्या डागाच्या आत 'नाही' होतं.

खोटं कशाला सांगू, बुधवारी अजून पडलं.
पारेखांच्या दाराची तक्रार आली नाही
महिनाभर.
पाच तारखेला माझे दोन हजार पुन्हा गेले,
त्याच दोन ठिकाणी. या वेळी युनिटं जरा जास्त आली.
आईला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही,
फक्त म्हणाली, रात्री दिवा किती वेळ जाळतोस.

मशीनरूममध्ये देखभालीची वही असते.
शेवटच्या पानावर मी माझा हिशेब मांडला :
तारीख, किती घेतले, कितीला.
शेरा : तपासले, ठीक.
पुढील तपासणीच्या रकान्यात आम्ही महिना लिहितो.
शर्वाणीचं वय बोटांवर मोजलं
आणि साल लिहिलं.

त्याखाली सेक्रेटरीच्या सहीची जागा असते.
ती तशीच राहिली.